साक्षगंधाची टोपी

माझे केस जायला लागले तेव्हा मला मिशी धड फुटलेली नव्हती. म्हणजे पेरणीआधीच कापणी. हसा, हसा. अख्खं खामगाव पोट धरून हसलं, तर तुमच्याकडून मी काय वेगळी अपेक्षा ठेवू?

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी नुकताच एका तेलगिरणीत कारकून म्हणून चिकटलो होतो. त्या गिरणीत सरकीचं तेल, शेंगदाण्याचं तेल, भिंतींना तेल, खुर्चीला तेल, चहावरसुद्धा तेलाचा तवंग. लोक डोक्याला बोटभर तेल लावतात, मी तर दिवसभर तेलातच बसायचो. तरी माझं कपाळ रोज मागे सरकत होतं. गिरणीचे शेठ एकदा हिशेब बघायला आले, माझ्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "बाबू, इतक्या तेलात केस टिकणार कसे? घसरून पडले असतील." सगळी कचेरी खिदळली. मीही खिदळलो, कारण पगार शेठ देत होते.

खरं दुःख वेगळंच होतं. आमच्या आधीची पिढी टोपीशिवाय घराबाहेर पडत नसे. आम्ही पोट्ट्यांनी ती टोपी टाकली. उघड्या डोक्यानं हिंडायचं, पुढे केसांचा फुगा काढायचा, खिशात कंगवा ठेवायचा आणि पानठेल्याच्या आरशात दर फेरीला डोकावून जायचं, ही आमची चैन. माझा फुगा तर गल्लीत नावाजलेला. मामा मला 'बोडक्या' म्हणायचे आणि मी त्यांच्या टोपीला 'पातेल्यावरचं झाकण' म्हणायचो. देवानं ते ऐकून ठेवलं असावं. वर्षभरात माझ्या फुग्यातली हवा गेली. कानाच्या वरून थोडे केस उचलायचे, तेल लावून डोक्यावर आडवे निजवायचे आणि वारा सुटला की दोन्ही हातांनी डोकं धरून उभं राहायचं, अशी पाळी आली.

गिरणीत वजनकाट्यावर माझा एक दोस्त होता. तो म्हणाला, "अबे, काऊन रडून राह्यला? टकल्याले पैसा मिळते म्हनतात."

"मले पैसा नको बे, केस पाह्यजे," मी ओरडलो.

"मंग कांदा चोळ."

कांद्याचा रस चोळला. शेजारच्या टेबलावरचे कारकून आपली खुर्ची उचलून खिडकीशी गेले, आणि शेठनी आल्या आल्या विचारलं की भजी कोण तळून राहिलंय. मग माक्याचा पाला झाला, जास्वंद झाली, एरंडेल झालं. शेवटी बाजाराच्या दिवशी एक वैदू भेटला. त्याच्याजवळ सातपुड्यातल्या अस्वलाची चरबी होती. "साहेब, अस्वलाले कधी टक्कल पडलेलं पाह्यलं का?" त्यानं विचारलं. मी कधी अस्वलच धड पाहिलं नव्हतं, पण मुद्दा मला पटला. तरी मी चलाखी केली. म्हटलं, "तू आधी तुझं पागोटं उतरव, तुझे केस पाहू दे." तो गंभीरपणे म्हणाला, "पागोटं उतरवलं की औषधाचा गुन जाते जी." हे ऐकूनही मी चरबी घेतलीच. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ती मला केसांच्या आधीच सोडून गेली होती. चरबीनं केस आले नाहीत, कुत्री मात्र आली. आठवडाभर ती मला घरापासून गिरणीपर्यंत पोचवून देत होती.

तेव्हा मी हार मानली आणि बाबांच्या ट्रंकेतून त्यांची पांढरी टोपी काढली. बाबा मी शाळेत असतानाच गेले होते. घरात माय, मी आणि धाकटा भाऊ, एवढेच. मायनं टोपी माझ्या डोक्यावर सारखी केली आणि म्हणाली, "तुह्या बाबाचं बी असंच होतं बापा. लग्न झाल्यावर मले समजलं."

मी म्हटलं, "मंग तू काय केलं?"

"काय करतं मानूस? सैपाक केला."

टोपी चढली आणि माझी इज्जत वाढली! मामांनी तर डोळे पुसायचंच काय ते बाकी ठेवलं. "पोट्टा सुधारला," असं ते सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत सांगत सुटले. "गावातले सारे पोट्टे बोडके फिरून राह्यले, पन आमचा भाचा पाहा. टोपीशिवाय बाहेर नाही." टोपीखाली काय चाललंय, हे सोयऱ्यांत फक्त घरच्यांना आणि पुढे मामांना ठाऊक. मामांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला, पण जाहिरात थांबवली नाही.

ही जाहिरात सोनाळ्यापर्यंत गेली. तिथे एका माळी गृहस्थांचा मळा होता. वांगी, मिरची, सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, असं पिकवायचे. माणूस कडक. स्वतः झोपतानाच काय ती टोपी काढायचे. त्यांची थोरली मुलगी लग्नाची होती आणि बोडक्या पोट्ट्याला मुलगी द्यायची नाही, अशी त्यांनी शपथच घेतली होती. टोपीवाला, नोकरीवाला, निर्व्यसनी पोरगा म्हटल्यावर त्यांनी निरोप धाडला. पाहायला या.

आता इथे एक अडचण होती. माझं कपाळ टोपीच्या कडेखालीही लांबपर्यंत उजाड दिसायचं. टोपीखालून चार केस डोकावले पाहिजेत ना? मायनं उपाय काढला. दिव्यावर काजळ धरलं, ते एरंडेलात कालवलं आणि टोपीच्या कडेला, कानशिलांवर, बोटानं बारीक रेघा ओढल्या. आरशात पाहिलं तर खरंच केस! "माय," मी म्हटलं, "तू हे बाबांसाठी काऊन नाही केलं?" ती म्हणाली, "गरज लग्नाआधी असते बापा. म्या आली तवा लग्न होऊन गेलं होतं." थंडीचे दिवस होते, काजळ जागचं हललं नाही. एसटीत मला खिडकीपासून दूर, मामा आणि मायच्या मधे कोंबलं होतं, वाऱ्याचा भरवसा नाही म्हणून.

मुलगी चहा-पोहे घेऊन आली. नाकी डोळी नीट, सावळी, आणि चालताना पाठीवर वेणी अशी झुलत होती की मी पोह्यातली मिरची न बघता खाल्ली. माय तिला जवळ बसवून विचारू लागली. सैपाक येते का? हो. शिवण? हो. वाचता येते? हो. चालून दाखव. चालली. आता त्या काळची रीतच होती ती, मुलगी म्हणजे बाजारातलं वांगं, फिरवून पाहायचं. आणि मग मायनं ते केलं. तिच्या वेणीला हात घातला आणि एक सणसणीत हिसका दिला.

त्या काळी गंगावनं लावून वेण्या लांब करायचे, म्हणून पाहणाऱ्या बाया ओढून बघत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मुलीची मान मागे गेली. तोंडातून 'आई' निघालं नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. माय समाधानानं मामांकडे वळली. "खरी हाय."

आणि मी? मी टोपी चापून बसलो होतो. वेणी तिची ओढली, पण आग माझ्या टकलाला लागली. मला मनापासून लाज वाटली. मुलीनं डोळे पुसले आणि मान वर करून पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही. टोपीकडे. निघताना मी तिच्या वडिलांच्या पाया पडलो, एका हातानं पाय शिवले, दुसऱ्या हातानं टोपी धरली. तेव्हाही ती दारातून तेच बघत होती.

झालं! मी तिच्यावर भाळलो. लग्न करीन तर हिच्याशी, नाहीतर तेलगिरणीत म्हातारा होईन. परत येताना मी मामांना म्हटलं, "मामा, त्याहिले खरं सांगून टाकू. उद्या समजलं तं?"

"चूप बे!" मामा खेकसले. "तो टोपी पाहून पोरगी देऊन राह्यला. टोपी काढली तं पोरगी जाईन. एकदा अक्षता पडू दे, मंग टोपी बी त्याहिची अन् टक्कल बी त्याहिचं."

पसंती आली. चैत्रात साक्षगंध ठरलं. साक्षगंध म्हणजे लग्न पक्कं करण्याचा समारंभ. मुलीला कुंकू लावायचं, साडी द्यायची, मग मुलीकडच्यांनी मुलाला गंध लावून मान द्यायचा. आम्ही तिघांनी महिनाभर सगळा विचार केला. ऊन किती, वारा किती, काजळ किती. आणि जे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, ते मात्र तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे मान द्यायचा तो टॉवेल-टोपीनं! सासरा आपल्या हातानं जावयाच्या डोक्यावर नवी टोपी घालतो. आणि नवी घालायची म्हणजे जुनी काढावी लागते.

हे मला केव्हा समजलं? पाटावर बसल्यावर. सोनाळ्यात त्या अंगणात सारी भावकी जमलेली, मांडवाखाली भट्टीसारखी उष्णता, मुलीला कुंकू लावून झालेलं, ती आत बायांमध्ये बसलेली. होणारे सासरे माझ्यासमोर आले. हातात ताट. ताटात गंध, अक्षता, घडी केलेला टॉवेल आणि त्यावर कडक इस्त्रीची नवीकोरी टोपी.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी ताटाकडे पाहिलं. मग मामांनी वर आभाळाकडे पाहिलं.

"आरे बाप्पा," मायच्या तोंडून निघालं.

मामा पुढे धावले. "अहो, टोपी हातातच द्या. तो माथ्याले लावून घेईन."

"काऊन जी?" सासरे म्हणाले. "हातात टोपी भिकाऱ्याले देतात. जावयाले डोक्शावर घालतात."

"मंग हिच्यावरच घाला! दोन राहू द्या. उन्हाचं बरं."

लोक हसले. सासऱ्यांना वाटलं थट्टा चालली आहे, तेही हसले. त्यांनी माझ्या कपाळाला गंध लावलं. आणि त्याच वेळी माझ्या डाव्या कानशिलावरचे केस वितळले. घामाची काळी धार निघाली, गालावर आली, मग उजवीकडूनही निघाली. टोपीच्या कडेखालून एक धार कपाळावरच्या गंधापर्यंत पोचली आणि त्याचं शेण झालं. सासरे घाबरले. "हे काय होय? कुठं लागलं का तुमाले?" भला माणूस. त्यांनी ताटातला नवा टॉवेल उचलला, माझं कपाळ पुसायला एका हातानं माझी टोपी वर केली, आणि सारं सोनाळा गाव गप्प झालं.

टोपी आतून काळी, डोकं वरून गोटा, आणि मधोमध आडवे निजलेले चार केस घामानं चिकटलेले. एक पोरगं जोरात ओरडलं, "बुढा हाय, बुढा!" मग जो हशा फुटला! मांडवाच्या बल्ल्या हलल्या असतील. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, जमीन फाटावी.

पण सासरे हसत नव्हते. ते लाल झाले होते. "पोट्ट्याचं वय किती?" त्यांनी मामांना विचारलं.

"चोवीस जी."

"चोविशीत असं डोक्शं? खरं सांगा. बिजवर तं नाही?"

बिजवर म्हणजे पहिली बायको गेलेला, दुसरेपणाचा. आता माझी माय मुळातच तापट. ती पदर खोचून उभी राहिली. "माह्या पोराले बिजवर म्हनता? केस जाते ते उष्णतेनं जाते! बायको जायाले आधी बायको लागते!"

"मंग लपवलं काऊन?"

मायनं खोचलेला पदर सोडला. सासऱ्यांनी नव्या टोपीचं ताट बाजूला सारलं. पोरगी गेली. संपलं. अस्वलाची चरबी, कांदा, काजळ, सारं वाया, आणि वर तीही गेली.

"पोरीले विचारतो," सासरे म्हणाले. "तिनं नाही म्हनलं तं साडी घेऊन जा."

ते आत जायच्या आतच ती दारात आली. साक्षगंधाची हिरवी साडी, कपाळभर कुंकू, आणि ती वेणी पुढे खांद्यावरून घेतलेली, दोन्ही हातांत धरलेली. पोरीनं चारचौघांत बोलायची रीत नव्हती. बाया तिला मागे ओढत होत्या. ती मागे गेली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मले तवाच समजलं होतं. पाया पडताना मानूस टोपी काऊन धरीन? म्या कोनाले सांगतलं नाही."

"मंग तुही पसंती हाय का नाही?"

"हाय. पन एक गोष्ट हाय." तिनं मायकडे पाहिलं. "माह्या वेनीले हिसका देऊन पाह्यला. खरी निघाली मंग मले पसंत केलं. आता त्याहिचे जेवढे उरले, तेवढे बी ओढून पाहा. खरे निघाले पाह्यजे. काजळाचे नको."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो बायांच्या बाजूनं उठला. आणि तो लवकर थांबेना. त्यातल्या प्रत्येकीची वेणी कोणीतरी कधीतरी ओढलेली होती, हे मला फार पुढे कळलं.

आता ओढायचे कोणी? सासूबाई म्हणाल्या, "नाही वं बाई, जावयाच्या डोक्शाले मी हात लावत नाही." सासरे बाजूला झाले. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मीच ओढते," माझी माय म्हणाली.

ती आली, माझ्यासमोर उभी राहिली, कानावरच्या केसांत बोटं घातली आणि जन्मदात्या माउलीनं असा हिसका दिला की मी पाटावरून उठलोच. डोळ्यांतून घळकन पाणी आलं. मायनं हात उघडून पाहिला. तिच्या बोटांत माझे काही केस होते, मोजक्यांतले तेवढेही गेले. तिनं ते पाहिले, मग माझे डोळे पाहिले. मग ती तशीच चालत दाराशी गेली.

"दुखते वं पोरी," ती म्हणाली. "तुह्या डोळ्यात पानी आलतं, ते म्या पाह्यलं होतं. पाहून बी म्या म्हनलं, खरी हाय. चुकलं माहं."

तिनं मुलीच्या वेणीला हात लावला, पण या वेळी नुसता. मुलगी वाकून मायच्या पाया पडली. मामा डोळे पुसत ओरडले, "खरे हायेत जी, खरे हायेत! थोडे हायेत पन खरे हायेत!" तेव्हा कुठे सासऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी त्या टॉवेलनं माझं तोंड पुसलं, कानामागूनही पुसलं, आणि नवी टोपी माझ्या डोक्यावर घातली. ती कपाळावरून घसरून भुवयांवर आली, कारण माप केसांसहित धरलेलं होतं. बुंदी-वरण-भाताची पंगत मी तशीच, मान वर करून जेवलो.

लग्न झालं. बायकोनं मला टोपी सोडायला लावली. "झाकन काढा," असं ती म्हणायची, आणि हा शब्द तिला मामांनीच पुरवला होता. गिरणीत शेठ म्हणाले, "बाबू, आज उजेड जास्त वाटतो." मी म्हटलं, "शेठजी, वीज वाचवा." त्यानंतर कोणाला चिडवण्यात मजा उरली नाही.

काही वर्षांनी धाकट्या भावासाठी मुलगी पाहायला आम्ही देऊळगाव राजाला गेलो. माय, मी, माझी बायको आणि भाऊ. भावाच्या डोक्यावर केसांचं जंगल, आणि त्यावर त्यानं फुगा काढलेला, अगदी माझ्यासारखा. मुलगी पोहे घेऊन आली, मायजवळ बसली. तिची वेणीही लांब होती. मुलीच्या आईनं, रीत म्हणून, पोरीला पाठमोरी केली आणि डोळे खाली घातले. पोरगी दात आवळून बसली.

मायनं हात पदराखाली घेतले. मग उठली, भावाची मानगूट धरली, त्याला त्या अनोळखी बाईसमोर वाकवलं आणि म्हणाली, "बाई, आधी तुमी ओढा. जोरानं ओढा. एक पोरगा म्या खपवला हाय, आमच्या घराचा भरवसा नाही."

भाऊ मायच्या पकडीत कळवळला. त्याचा फुगा पार विस्कटला. ती बाई तोंडाला पदर लावून बसली, हसावं की रडावं तिला कळेना. मुलगी मात्र मागे वळली, आणि तिचे आवळलेले दात सुटले. माझी बायको हसत हसत अंगणात निघून गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेलो, तर ती भिंतीशी उभी होती, वेणी हातात धरून, आणि रडत होती.